साखळी आखूड, कुत्रे चिडखोर

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मागे उरतात म्हातारी माणसे, शाळेत जाणारी काही मुले आणि दाराशी बांधलेली कुत्री. माणसांच्या हालांवर आपण बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण आज आम्ही त्या बांधलेल्या कुत्र्याविषयी लिहीत आहोत. कारण त्याचे हाल शेवटी आपल्याच लेकरांच्या पोटरीवर उमटतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शेजारच्या आजींचा मोत्या हा गावठी कुत्रा. दरवर्षी तो बैलगाडीच्या सावलीत चालत टोळीबरोबर जायचा. त्या वर्षी मुले-सुना ट्रकने गेल्या आणि मोत्या मागे राहिला. बैलाच्या जड साखळीने, जेमतेम दोन हात लांबीवर, लिंबाला बांधलेला. पंधरा दिवसांत तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरू लागला. आम्हीही कचेरीला जाताना त्याला काठी दाखवून दोनदा दटावले. गुरगुरणे थांबले. आम्हाला वाटले, सुधारला! चार दिवसांनी चेंडू आणायला गेलेल्या तिसरीतल्या मुलाला तो न गुरगुरता चावला.

जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली. हळद, चुना, तिखट काही लावू दिले नाही. लगेच सरकारी दवाखान्यात नेऊन लस सुरू केली. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचत नाही. म्हणून कुत्रे ओळखीचे असले तरी लस त्याच दिवशी घ्यावी आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखा पाळाव्यात. जखम खोल असेल तर जखमेतही औषध टोचावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्यासाठी लस थांबवू नये.

संध्याकाळी वस्ती जमली. कुणी म्हणाले, "विष घाला." आजी रडत म्हणाल्या, "भाऊ, पोरं गेली तवापासून ते असंच करतंय. माणसावाणी झुरतंय." आम्ही मान खाली घातली. रोज त्या साखळीजवळून जाणारे आम्हीच होतो. शिवाय विष घालणे हा गुन्हा आहे, आणि ते विष पोराबाळांच्या हातीही लागू शकते.

पुढे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आमची चूक समजावली. गुरगुरणे म्हणजे कुत्र्याची सूचना. "जवळ येऊ नका, मला भीती वाटते," एवढेच ते सांगते. ती सूचना काठीने बंद केली तर भीती जात नाही. फक्त सूचना जाते. आखूड बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे चावणे एवढाच मार्ग उरतो. कान किंवा दात दुखणे, जखम, उपासमार यांनीही कुत्रे चिडते. म्हणून आधी तपासणी आणि पिसाळरोगाची लस, मग शिकवण.

शिकवण आपल्या घरात जमण्यासारखी आहे. रशियाचे शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ साली पचनक्रियेवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. घंटेसारखी खूण आणि खाणे वारंवार जोडले की कुत्र्याच्या तोंडाला नुसत्या खुणेनेच पाणी सुटते, हे त्यांनी दाखवले. तेच आपण करायचे. नाव घेतले आणि त्याने वळून पाहिले की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा. उशिरा दिलेला तुकडा कशाबद्दल, ते त्याला कळत नाही. अनोळखी माणूस इतक्या लांब उभा करावा की कुत्रे भुंकणार नाही. शांत राहिले की तुकडा द्यावा. अंतर दिवसादिवसाने एकेक पाऊल कमी करावे. भुंकले तर आपण घाई केली असे समजून मागे सरावे. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे पुरतात. मात्र घरातल्या सर्वांनी एकच शब्द वापरावा. एकाने "बस" आणि दुसऱ्याने "खाली" म्हटले तर कुत्रे गोंधळते. जेवणाऱ्या कुत्र्याजवळ मुलांनी जाऊ नये.

आता पट्ट्याविषयी. पट्टा सपाट आणि रुंद असावा. पट्टा व मान यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज जावीत. पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला पाहावा; मान वाढते, पट्टा वाढत नाही. कातड्याचा पट्टा पावसात भिजून कडक होतो. खाटेची नवार दुहेरी शिवून, वर मजबूत कडी लावली तरी चांगला पट्टा होतो. ओढणाऱ्या कुत्र्याला छातीवरून जाणारा पट्टा बरा. गळ्यावर ताण येत नाही. गळा आवळणारी साखळी आणि आत टोके असलेला पट्टा घेऊ नये; दुखण्याने भीती वाढते. धनगर आपल्या कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा घालतात, पण त्याची टोके बाहेर असतात. तो बिबट्यापासून गळा वाचवण्यासाठी आहे, शिक्षेसाठी नव्हे.

फिरवायची दोरी चार ते सहा फूट, जाड आणि सुती असावी. बारीक नायलॉन हात कापते. चावऱ्या कुत्र्याला बाहेर नेताना जाळीचे मुसके घालावे. त्यातून जीभ काढून धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आले पाहिजे. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी फिरवावे. तापलेल्या डांबराने पाय भाजतात.

कायदाही आपण जाणून घ्यावा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे फार आखूड वा फार जड साखळीने प्राण्याला फार वेळ बांधणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मोकळे फिरवून न आणणे हा गुन्हा आहे. दुसरीकडे, आपल्या प्राण्यापासून लोकांना इजा होऊ नये याची काळजी न घेणे हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे गुन्हा आहे.

कुणी म्हणेल, कुत्र्याचे लाड श्रीमंतांचे. फेब्रुवारी १९३४ मधले राजगृहातले कौटुंबिक छायाचित्र पाहा. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव यांच्यासोबत टॉबी हा कुत्राही त्यात आहे. ज्या समाजाला जनावराहून खाली लेखले गेले, त्याने जनावराला दया दाखवणे यात लाड नाहीत.

मोत्याची बैलसाखळी आम्ही सोडली. आता अंगणात लांब दोरी असते आणि शेजारची मुले पाळीने त्याला फिरवतात. तीन महिन्यांनी तो पुन्हा गुरगुरला, तेव्हा आम्ही थांबलो, मागे सरलो. चावलेला मुलगा अजून त्याच्याजवळ जात नाही. आम्ही आग्रह करीत नाही. भीती जायला माणसालाही वेळ लागतो.

यंदा टोळी निघण्यापूर्वी तीन कामे करा. कुत्र्याला लस द्या, पट्टा दोन बोटांनी तपासा, आणि त्याला रोज कोण फिरवणार ते ठरवून जा.