औषधापासून रक्ताचे रक्षण

मी कला शाखेचा, पण शेतकऱ्याघरचा. तणनाशक फवारताना पीक जपावे लागते, हे जाणतो. कर्करोगावरील औषधांचेही तसेच. अस्थिमज्जेत रक्त घडविणाऱ्या मूलपेशी त्यांनी होरपळतात. पांढऱ्या पेशी घटल्या की उपचार थांबतो. परभणीहून मुंबईला टाटा रुग्णालयात गेलेल्यांसाठी हा खोळंबा म्हणजे परगावचा वाढीव मुक्काम!

मेंदूतील ग्लायोब्लास्टोमात अडचण दुहेरी. टेमोझोलोमाइड या औषधाने झालेली इजा अनेक गाठींतील एमजीएमटी हे प्रथिन दुरुस्त करते. त्याला रोखणारे दुसरे औषध दिल्यास रक्तपेशींतील तेच प्रथिनही लुळे पडते. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात हान्स-पीटर कीम व सहकाऱ्यांनी तोड काढली. रुग्णाच्याच मूलपेशींत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकरवी, या प्रथिनाचे किंचित बदललेले जनुक घातले. त्यातून बनणारे प्रथिन दुसऱ्या औषधाला दाद देत नाही. मग त्या पेशी रुग्णाला परत दिल्या. २०१२ मध्ये तीन रुग्णांचा अहवाल आला : त्यांच्या रक्ताला औषध अधिक सोसले.

तिघांवरून सिद्धान्त ठरत नाही, हे खरे. पण रुग्णाच्या पेशींत जनुक घालण्याची विद्या आता आपल्याकडेही आहे. मुंबईची आयआयटी व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात प्रतिकारपेशींच्या हाती शस्त्र दिले आहे. मूलपेशींना कवच देण्याचे काम अजून व्हायचे आहे.