आठळ्या फेकू नका!

मे अखेरीस कोकणात फिरा, फणसाखाली नुसता सडा. काढायला माणूस नाही; पडले ते गुरांनी खाल्ले, उरले ते कुजले. याच फणसावर एकेकाळी गरिबाचा पावसाळा निघायचा. आषाढात कणगीतले भात तळाला गेले की आठळ्या उकडायच्या. दोन मुठी आठळ्या, मीठ आणि वाटीभर पेज, झाले जेवण! त्यासाठी गरे खाऊन झाले की आठळ्या धुवायच्या, सावलीत सुकवायच्या आणि राखेत किंवा मातीत घालून ठेवायच्या. कच्ची आठळी मात्र खाऊ नये, बाधते.

कुयरीची भाजी, कच्च्या गऱ्यांची भाजी, बरक्याच्या रसाची सांदणं, उन्हात वाळवलेलं साठं, हे सगळे एकाच झाडाचे. केरळात कच्चे गरे शिजवून भाताऐवजी जेवतात. तिथे २०१८ साली फणस राज्यफळ झाला. आपण मात्र पिकलेला कापा तेवढा ओळखतो आणि बरक्याला नाक मुरडतो.

वर लाकडाचा व्यापारी दारात आला की झाड देऊन मोकळे! फणस १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. झाड आपल्या मालकीचे असले तरी तोडीला परवानगी लागते. ग्रामपंचायतीने हे ग्रामसभेत एकदा वाचून दाखवावे.

नवीन लावायचा तर बी नको. कापा पेरला तरी बरका निघू शकतो. कलमच घ्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण प्रॉलिफिक’ जात आहे. खड्डे मिरगाआधी मारून ठेवा.