व्यावसायिक घरसफाई कामगार

व्यावसायिक घरसफाई कामगार म्हणजे मोबदला घेऊन दुसऱ्याच्या घरातील झाडलोट, फरशी पुसणे, धूळ काढणे तसेच स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय यांची स्वच्छता करणारी व्यक्ती होय. महाराष्ट्रात हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. हे काम दीर्घकाळ अकुशल मानले गेले आहे. प्रत्यक्षात पृष्ठभागांची पारख, रसायनांची जाण, कामाचा योग्य क्रम आणि विश्वासार्हता यांवर त्याचा दर्जा अवलंबून असतो.

संज्ञा

मराठीत या कामासाठी ‘मोलकरीण’ हा शब्द पूर्वापार रूढ आहे. ‘मोल’ म्हणजे मजुरी घेऊन काम करणारी, असा त्याचा अर्थ. बोलण्यात ‘कामवाली’ हा शब्द आणि ‘मावशी’, ‘ताई’ ही संबोधने वापरली जातात. नात्याच्या संबोधनाने आपुलकी व्यक्त होते. मात्र त्यामागचे मालक-कामगार हे नाते अनेकदा झाकले जाते. म्हणून कामगार संघटनांनी ‘घरकामगार’ हा शब्द पुढे आणला. महाराष्ट्राच्या कायद्यात ‘घरेलू कामगार’ ही संज्ञा आहे.

कामाचे स्वरूप

शहरांमध्ये एक कामगार सहसा दिवसातून अनेक घरी काम करते. केर-फरशी, भांडी, धुणे अशी कामे वेगवेगळी मोजून महिन्याचा पगार ठरवला जातो. शौचालयाची सफाई बहुधा स्वतंत्रपणे ठरते. दसरा-दिवाळीपूर्वी जळमटे काढणे, माळे आवरणे, पंखे व खिडक्या पुसणे ही वाढीव कामे येतात. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी लक्ष्मी मानून पुजण्याची प्रथा आहे. केरसुणी हाती धरणाऱ्या श्रमाला मात्र कामगार म्हणून मान्यता मिळण्यास बराच काळ लागला.

आवश्यक गुण व कौशल्ये

पृष्ठभागांची पारख

कोणती वस्तू कशाने साफ करू नये, हे ओळखणे हे कुशल कामगाराचे पहिले लक्षण होय. मराठी घरांत आढळणारी शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, कोटा व संगमरवर हे सर्व दगड प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. आम्ल लागताच त्यांचा पृष्ठभाग झिजतो व चकाकी कायमची जाते. त्यामुळे शौचालयासाठीचे आम्लयुक्त द्रावण किंवा लिंबाचा रस यांचा त्यांच्यावर वापर टाळावा लागतो. ग्रॅनाइटवर सौम्य आम्लाचा असा परिणाम सहसा होत नाही. याउलट तांब्या-पितळेच्या भांड्यांवरील काळपट थर चिंचेसारख्या आम्लधर्मी पदार्थानेच सुटतो. मात्र नंतर भांडे लगेच धुऊन कोरडे करावे लागते, अन्यथा डाग पडतात. लाकडी वस्तूंवर पाणी ओतले जात नाही; त्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसतात.

कामाचा क्रम

सफाई वरून खाली केली जाते. छत, पंखा, खिडक्या, फर्निचर आणि शेवटी फरशी, असा क्रम ठेवल्यास खाली पडलेली धूळ एकदाच काढावी लागते. कोरडे काम आधी आणि ओले नंतर करतात. धूळ न काढताच पाणी फिरवल्यास तिचा चिखल होऊन कोपऱ्यांत साचतो. फरशी दूरच्या कोपऱ्यापासून दाराकडे पुसत येतात आणि पाणी गढूळ होताच बदलतात. शौचालयाचे काम शेवटी करतात. त्यासाठीचे फडके व ब्रश वेगळे ठेवल्याने तेथील जंतू ओट्यापर्यंत पोहोचत नाहीत.

रसायनांची जाण

ब्लीच म्हणजेच सोडियम हायपोक्लोराइट आणि आम्लयुक्त शौचालय-द्रावण एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. अमोनियायुक्त द्रावणात ब्लीच मिसळल्यासही घातक वायू निर्माण होतात. त्यामुळे दोन द्रावणे एकत्र न करणे आणि बंद न्हाणीघरात खिडकी उघडी ठेवून काम करणे हे सुरक्षिततेचे मूलभूत नियम आहेत. जंतुनाशक शिंपडून लगेच पुसल्यास त्याचा पुरेसा परिणाम होत नाही. वेष्टनावर सांगितलेला वेळ ते पृष्ठभागावर राहू द्यावे लागते. अनेक वेष्टनांवरील सूचना केवळ इंग्रजीत असतात. अशा वेळी घरातील व्यक्तीने त्या वाचून दाखवणे आवश्यक ठरते.

विश्वासार्हता व संवाद

या कामगाराला घराची किल्ली, कपाटे आणि कुटुंबातील खाजगी बाबी यांच्या सान्निध्यात काम करावे लागते. एका घरातील गोष्ट दुसऱ्या घरी न बोलणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे, काही फुटल्यास स्वतःहून सांगणे आणि गैरहजेरीची पूर्वसूचना देणे यांतून विश्वास निर्माण होतो. धोक्याच्या कामाला स्पष्ट नकार देता येणे हेही व्यावसायिक गुणांतच मोडते. उंच इमारतीच्या खिडकीबाहेरील सज्जावर उभे राहून काच पुसणे हे अशा कामाचे उदाहरण होय.

विश्वास ही एकतर्फी बाब नसते. वस्तू सापडली नाही की प्रथम कामगारावर संशय घेतला जाणे, ही घरकामगारांची जुनी तक्रार आहे. आजारपणात पगार कापला जाणार किंवा काम जाणार, अशी भीती असल्यास फुटलेली वस्तू लपवण्याकडे आणि ताप अंगावर काढण्याकडे कल होतो. कामाची यादी, पगार, साप्ताहिक सुट्टी व रजा आधी ठरलेली असल्यास प्रामाणिकपणा टिकवणे सोपे जाते.

एकलहरे परिसर

घरसफाईचे तंत्र स्थानिक परिस्थितीनुसार बदलते. नाशिक तालुक्यातील एकलहरे येथे महानिर्मितीचे कोळशावर चालणारे नाशिक औष्णिक विद्युत केंद्र व त्याची कर्मचारी वसाहत आहे. कोळसा जळल्यावर उरणारी बारीक राख मुख्यतः सिलिका, ॲल्युमिना व लोहाच्या ऑक्साइडांची बनलेली असते. तिचा मोठा भाग धुराड्यापूर्वीच अडवला जातो. तरीही उरलेले सूक्ष्म कण, कोळसा हाताळताना उडणारी धूळ आणि साठ्यावरून वाऱ्याने उडणारी कोरडी राख अशा केंद्रांलगतच्या घरांत येऊ शकते.

अशी धूळ कोरड्या केरसुणीने झटकल्यास हवेत उडून पुन्हा खाली बसते. तिचे कण कठीण असल्याने काच, टीव्हीचा पडदा किंवा पॉलिश केलेले लाकूड कोरड्या फडक्याने घासल्यास ओरखडे पडतात. म्हणून ओलसर मऊ फडक्याने, न रगडता धूळ टिपून घेणे आणि फडके वारंवार खळबळून घेणे योग्य ठरते. काम करताना नाका-तोंडाला मास्क लावल्याने श्वासावाटे जाणारी धूळ कमी होते.

आरोग्यविषयक जोखीम

सतत पाणी व साबणाशी संपर्क आल्याने हातांची त्वचा फुटते. रबरी हातमोज्यांनी हा त्रास कमी होतो. वाकून किंवा उकिडवे बसून पुसल्याने कंबर व गुडघे दुखावतात. गुडघ्याच्या वाटीसमोरील द्रवपिशवीला येणारी सूज इंग्रजी वैद्यकात ‘मोलकरणीचा गुडघा’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. लांब दांड्याचा पोछा दिल्यास गुडघ्यांवरील भार घटतो.

संघटना व कायदे

१९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी पगारवाढ व रजेच्या मागण्यांसाठी संप केला. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. नागपुरात रूपा कुलकर्णी-बोधी यांनी विदर्भ मोलकरीण संघटनेच्या माध्यमातून हे काम केले.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ नुसार १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी करण्याची तरतूद झाली. अपघात, वैद्यकीय खर्च, प्रसूती, मुलांचे शिक्षण व अंत्यविधी यांसाठी साहाय्य हे त्यातील लाभ आहेत. कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी हे प्रश्न मात्र या कल्याणकारी चौकटीबाहेर राहिले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यात राहत्या घराचा ‘कामाचे ठिकाण’ म्हणून समावेश आहे. घरकामगार स्त्रीला जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. तो ५ सप्टेंबर २०१३ रोजी अमलात आला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले असले, तरी त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. १६ जून हा आंतरराष्ट्रीय घरकामगार दिन म्हणून पाळला जातो.

कौशल्याची मान्यता

राष्ट्रीय कौशल्य विकासाच्या चौकटीत घरकामासाठी स्वतंत्र क्षेत्र कौशल्य परिषद स्थापन झाली आणि या कामाचे मानक निश्चित करण्यात आले. तरीही बहुसंख्य कामगार आईकडून, शेजारणीकडून किंवा प्रत्यक्ष कामातूनच शिकतात. या कौशल्याचा मोठा भाग न घडलेल्या नुकसानीत असतो. न विटलेला ओटा, ओरखडा न पडलेली काच आणि न मिसळलेली रसायने डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे पगार ठरवताना फरशीचे क्षेत्रफळ व भांड्यांची संख्या मोजली जाते, पारख मात्र बहुधा मोजली जात नाही.

हे सुद्धा पहा

घरकामगार
असंघटित क्षेत्र
नाशिक औष्णिक विद्युत केंद्र
आंतरराष्ट्रीय श्रम संघटना