टॅब भरला? फाइल पुसण्याआधी ती कुठे आहे ते पाहा

‘स्टोरेज भरत आलं आहे’ अशी सूचना टॅबवर झळकली की हात आपसूक ‘डिलीट’कडे जातो. मुलांच्या अभ्यासाच्या पीडीएफ, लग्नाचे फोटो, सोसायटीची इतिवृत्तं... सगळं क्लाउडवर आहेच, मग इथून काढलं तर काय बिघडलं, असा त्यामागचा हिशेब. घात होतो तो इथेच. सिंक होणारी फाइल टॅबवर पुसली की क्लाउडवरूनही जाते, आणि त्याच खात्याला जोडलेल्या मोबाइल-लॅपटॉपवरूनही.

आधी नेमकं काय भरलंय ते पाहू. टॅबची जागा वेगळी, क्लाउडची वेगळी. आयक्लाउडवर ५ जीबी मोफत मिळतात. गूगलच्या खात्यावर १५ जीबी, पण त्यात ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो असे तिघांचे वाटे. सूचना टॅबची आहे की क्लाउडची, हे नीट वाचा. क्लाउडवर जादा जागा विकत घेतली म्हणून टॅबची क्षमता वाढत नाही.

नाव दिसतं, फाइल नसते

आयपॅडच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये काही फाइलींशेजारी ढग आणि खाली जाणारा बाण दिसतो. ती फाइल क्लाउडवर आहे, टॅबवर तिची फक्त नोंद आहे; ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकाचं नाव असावं तशी. उघडली की ती उतरते आणि टॅबवर जागा घेते. जागा मोकळी करायची तर फाइलवर बोट दाबून धरा आणि ‘रिमूव्ह डाउनलोड’ निवडा. टॅबवरची प्रत जाते, मूळ फाइल क्लाउडवर सुखरूप राहते. त्याच यादीतलं ‘डिलीट’ मात्र मूळ फाइलच काढून टाकतं.

फोटोंसाठी सेटिंग्जमध्ये ‘ऑप्टिमाइझ आयपॅड स्टोरेज’ चालू ठेवा. जागा कमी पडू लागली की मूळ मोठे फोटो आयक्लाउडवर राहतात आणि टॅबवर त्यांच्या हलक्या प्रती.

अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हची फाइल मुळात क्लाउडवरच असते. ‘ऑफलाइन उपलब्ध’ केलेल्या फाइली मात्र टॅबवर साठतात. काम झालं की ती खूण काढा, फाइल ड्राइव्हवर राहते. गूगल फोटोजमधलं ‘फ्री अप स्पेस’ बॅकअप झालेल्या फोटोंच्याच प्रती टॅबवरून काढतं. तिथेही एखादा फोटो ‘डिलीट’ केला, तर तो क्लाउडवरूनही जातो.

आधी मोठं गिऱ्हाईक शोधा

सेटिंग्जमधलं स्टोरेजचं पान उघडलं की कोणत्या ॲपने किती जागा घेतली ते कळतं. ऑफलाइन पाहायला उतरवलेले चित्रपट आणि मालिका बऱ्याचदा तिथे वरच्या ओळीत सापडतात. दहा-दहा केबींची पत्रं पुसत बसण्यापेक्षा पाहून झालेला एक चित्रपट काढा. आयपॅडवर ‘ऑफलोड ॲप’ केलं तर ॲप जातं, त्यातली कागदपत्रं राहतात. अँड्रॉइडवर ‘क्लिअर कॅशे’ने तात्पुरत्या फाइलीच जातात. शेजारच्या ‘क्लिअर डेटा’ने त्या ॲपने टॅबवर साठवलेलं सगळंच जातं.

चुकून पुसलंच, तर घाबरू नका. आयक्लाउड ड्राइव्हचं ‘रिसेंटली डिलीटेड’ आणि गूगल ड्राइव्हचं ‘ट्रॅश’ या दोन्ही ठिकाणी फाइल ३० दिवस राहते. त्या मुदतीत ती परत आणता येते.

प्रवासाला निघण्यापूर्वी लागणारी कागदपत्रं टॅबवर उतरवा आणि विमान मोड चालू करून ती उघडतात का, ते घरीच तपासा. नेटवर्क नसताना तयार केलेली फाइल क्लाउडवर पोहोचल्याची खात्री होईपर्यंत टॅबवरून हलवू नका.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक तुमच्या चुकाही तितक्याच इमानाने सगळीकडे पोहोचवतो. म्हणून मालमत्तेची कागदपत्रं, प्रमाणपत्रं, आजी-आजोबांचे फोटो असं पुन्हा मिळणार नाही ते सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवरही ठेवा. ती प्रत असेल, तर टॅब निर्धास्तपणे रिकामा करता येईल.