थांबलेले यंत्र आणि घाईतला हात

मॉन्ट्रियलच्या आर्थर सिकार या गृहस्थाने 1925 साली हिम उचलून दूर फेकणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा कॅनडातील हिमाने कोंडलेले रस्ते मोकळे करावेत, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु शतकाच्या मध्यानंतर त्याच यंत्राची लहान आवृत्ती, जिला तिकडे स्नोब्लोअर म्हणतात, उत्तर अमेरिकेतील घरोघरच्या गॅरेजांत येऊन विसावली, आणि जी दक्षता पूर्वी नगरपालिकेच्या कसबी नोकरांनी बाळगावी अशी अपेक्षा असे, ती सामान्य गृहस्थाच्या शिरावर येऊन पडली. आज एकट्या अमेरिकेत या यंत्रापायी दरवर्षी हजारो माणसांना इस्पितळ गाठावे लागते. आणि ज्यांची बोटे चिरडतात वा तुटतात त्यांचा बहुधा तोच हात निकामी होतो, ज्याने ते लिहितात आणि जेवतात.

यंत्राची रचना ध्यानी घेतल्यावाचून या इजेचे मर्म कळत नाही. पुढच्या उघड्या पेटीत आडव्या दांड्यावर बसविलेली पेचदार पाती हिम मध्यभागी ओढून आणतात, आणि त्यांच्यामागचा पंखा अतिशय वेगाने फिरून ते वरच्या नळकांड्यातून दूर भिरकावतो. हिम कोरडे व भुरभुरीत असेतोवर हे काम निर्वेध चालते. पण हवा शून्य अंशाच्या आसपास येऊन ओले, जड हिम पडले म्हणजे ते पंख्याला आणि नळकांड्याला चिकटून बसते व यंत्र गुदमरते. मग माणूस इंजिन बंद करतो, पाती निश्चल झालेली पाहतो, आणि हातमोजा चढविलेला हात निःशंकपणे आत घालतो. घात होतो तो येथेच. इंजिनाचा जोर पंख्यापर्यंत नेणारी यंत्रणा, पंखा अडकल्यामुळे, इंजिन थांबल्यावरही ताणलेलीच राहू शकते. ओढून धरलेली प्रत्यंचा जशी स्थिर भासते तसाच हा ताण डोळ्यांना दिसत नाही, आणि बोटांनी हिमाचा गोळा सुटा होताच पंखा निमिषभर फिरतो. बोट तुटण्यास तेवढे फिरणे पुरते.

म्हणून जखमी माणसावर बेफिकिरीचा ठपका ठेवून मोकळे होणे मला न्याय्य वाटत नाही. पुष्कळदा त्याने इंजिन बंद करण्याची खबरदारी घेतलेली असते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की बंद झालेले यंत्र अद्याप शांत झालेले नाही.

नियम निरपवाद आहे: इंजिन चालू असो वा बंद, पात्यांजवळ किंवा नळकांड्यात हात जाता कामा नये. इंजिन बंद करावे, विजेचे यंत्र असल्यास तार काढावी, निदान पाच सेकंद थांबावे, आणि मगच मजबूत काठीने किंवा यंत्राबरोबर मिळणाऱ्या प्लास्टिकच्या खोऱ्याने अडकलेले हिम ढकलून काढावे. जाड हातमोजा थंडीचे निवारण करतो, पात्याचे नव्हे. मूठ सोडताच पाती थांबविणारी जी कळ हाताने धरण्याच्या दांड्यावर असते, ती श्रम वाचविण्यासाठी दोरीने बांधून टाकणारे लोक आहेत. हा उद्योग आत्मघातकीच म्हटला पाहिजे.

इतके करूनही दुर्दैव ओढवलेच, तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. भोवती हिमाचा सुकाळ असला तरी बोट थेट त्यात पुरू नये, कारण गोठल्याने पेशी मरतात. जपानमध्ये 1965 साली कोमात्सु व तामाई या शस्त्रवैद्यांनी पूर्णपणे तुटलेला अंगठा पुन्हा जोडून दाखविला, आणि तेव्हापासून ही विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. परंतु चाकूने कापलेले बोट आणि या पंख्याने चिरडून ओढलेले बोट यांत फार अंतर असते, सबब दुसऱ्या प्रकारात जोडणी करणे कुशल हातांनाही अनेकदा अशक्य होते.

टोरोंटो किंवा मिनियापोलिसच्या परिसरात नव्याने घर घेणारी मराठी कुटुंबे पहिल्या हिवाळ्यात काटकसरीने जुने यंत्र विकत घेत असतील, तर त्यांना एक आग्रहाची सूचना करावीशी वाटते. किंमत ठरविण्यापूर्वी मूठ सोडून पाहावी आणि पाती खरोखर थांबतात की नाही याची खात्री करावी. पात्यांवरील संरक्षक आवरणे जागेवर आहेत का ते तपासावे. आणि हिम काढण्याचे खोरे हरवलेले असल्यास, यंत्र घरी आणण्याच्या दिवशीच एक लांब, मजबूत काठी त्याच्याशेजारी ठेवावी.