बुवांचा माईक

उल्हास नदीकाठच्या मोहने गावी एका गणेशोत्सवात आम्ही कीर्तनास उभे होतो. पूर्वरंग यथासांग झाला. उत्तररंगात सुदामदेव द्वारकेच्या दाराशी पोहोचले, पद उचलण्यासाठी आम्ही पेटीवाल्यांकडे वळलो आणि कर्ण्यातून अशी शीळ उठली की पुढची बालके रडू लागली. माईकवाल्याने घाबरून आवाज पार उतरविला. आरतीनंतर मागल्या खांबाशी बसलेल्या एक वृद्ध माउली आमच्यापाशी आल्या. म्हणाल्या, "बुवा, देव भेटला का हो सुदाम्याला? मला काही ऐकूच आले नाही."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दोष आमचाही होता. "कोणताही माईक चालेल" असे आम्हीच मंडळास कळविले होते.

कर्ण्यातील आवाज माईकमध्ये शिरून पुन्हा कर्ण्यात जातो, तेव्हा ती शीळ उठते. म्हणून कीर्तनकारासमोर समोरचाच आवाज घेणारा, पाठीमागचा टाकणारा, हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचा डायनॅमिक माईक असावा. १९६६ पासून प्रचारात असलेला श्यूरचा एसएम ५८ याच जातीचा. आपल्याकडे तोंड केलेला कर्णा त्याच्या बरोबर पाठीशी यावा. हाती झांज अथवा चिपळ्या असल्याने उभा स्टँड अपरिहार्य. मुखापासून अंतर चार बोटे. अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो, मात्र फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो आणि 'प', 'भ' फुटतात. वाघीण दातांत पिलू धरते तसे वर्ण उच्चारावेत, असे पाणिनीय शिक्षेत सांगितले आहे. पडू नयेत, चावलेही जाऊ नयेत. माईकपुढे हे शतपटीने खरे! कॉलरला लावायचे माईक बहुधा चहूबाजूंचे ऐकतात. निरूपणास ठीक, पण मोठ्या कर्ण्यांपुढे शीळ लवकर घालतात.

कंडेन्सर माईक फार नाजूक स्वर टिपतो. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. बंद सभागृहात पेटीला तो शोभतो, गजबजलेल्या मंडपात नव्हे. पेटीचा माईक भात्यापासून दूर, पट्ट्यांच्या वर वीतभर ठेवावा. तबला-डग्ग्यास एकच असेल तर दोहोंच्या मध्ये, किंचित वर. झांजेला मुळीच नको. ती आमच्या माईकमधून हवी त्याहून अधिकच ऐकू येते. चालू माईक दुप्पट झाले की शीळ न घालता आवाज वाढविण्याची मर्यादा सुमारे तीन डेसिबलने घटते, हे हौशी मंडळांनी ध्यानात घ्यावे. नुसता आवाज चढविणे हा उपाय नव्हे. २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठरविली आहे, आणि शेजारी कोणी आजारी असेल याची जाणीव तर नियमांवाचूनही हवी.

पुढील वर्षी मोहन्यास आम्ही दोन तास आधी गेलो. पेटीवाल्यांना माईकपुढे उभे करून मंगलाचरण म्हणावयास सांगितले आणि स्वतः त्या मागल्या खांबाशी जाऊन बसलो.