एक फाइल, दहा हजार घेणारे

४ जीबीची एक फाइल घ्या. ती ज्या सर्व्हरवर आहे, त्याची बाहेर पाठवण्याची क्षमता सेकंदाला १ गिगाबिट आहे असे धरू. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. एक प्रत बाहेर पडायला ३२ सेकंद लागतात. एकाच वेळी १,००० जण आले, तर सर्वांचे काम व्हायला ३२,००० सेकंद, म्हणजे जवळपास ९ तास. १०,००० जण आले, तर ८९ तास. पावणेचार दिवसच म्हणा.

आता हाच हिशेब पीअर-टू-पीअर पद्धतीने मांडू. इथे फाइल घेणारा प्रत्येक जण मिळालेला भाग इतरांना पाठवत राहतो. त्याची अपलोडची गती फक्त १० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) धरली, तरी १,००० जणांचे मिळून १०,००० एमबीपीएस होतात, शिवाय सर्व्हरचे १,००० आहेतच. सर्वांना फाइल मिळते सुमारे ४८ मिनिटांत. आणि १०,००० जणांना? सुमारे ५३ मिनिटांत. माणसे दहापट झाली, वेळ फक्त पाचेक मिनिटांनी वाढला. हे आदर्श स्थितीतले किमान आकडे आहेत, प्रत्यक्षात वेळ जास्तच लागतो. पण दोन पद्धतींतला मूळ फरक त्यांतून स्वच्छ दिसतो: सर्व्हरसाठी नवा माणूस म्हणजे नवा भार, तर इथे तो स्वतःची क्षमता घेऊन येतो.

हे जमते कारण फाइल अखंड पाठवली जात नाही. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरंटमध्ये तिचे तुकडे होतात. २५६ केबीचा एक तुकडा धरला, तर आपल्या फाइलचे सुमारे १६ हजार होतील. प्रत्येक तुकड्याचा २० बाइटचा ठसा आधीच नोंदलेला असतो, त्यामुळे अनोळखी संगणकाने बिघडलेला तुकडा दिला तर तो तिथल्या तिथे पकडला जातो. समूहात जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे, तो आधी मागितला जातो. देवाणघेवाणीचा नियमही कडक आहे. मूळ रचनेत एक संगणक साधारण चौघांनाच तुकडे पाठवतो, आपल्याला कोण जास्त देतो हे दर १० सेकंदांनी तपासतो आणि दर ३० सेकंदांनी एका नव्याला संधी देतो.

गाण्यांच्या देवाणघेवाणीचे १९९९ चे नॅपस्टर मात्र अर्धेच विकेंद्रित होते. गाणी एका संगणकावरून थेट दुसऱ्याकडे जात, पण कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची कंपनीच्या सर्व्हरवर असे. स्वामित्वहक्काच्या खटल्यात २००१ मध्ये निकाल विरोधात गेला आणि त्याच वर्षी जुलैत ते सर्व्हर थांबले. त्यांच्याबरोबर सगळे जाळेही. पुढे ही सूचीसुद्धा वाटून टाकण्यात आली. २००२ मध्ये मांडलेल्या कॅडेमलिया पद्धतीत १ कोटी संगणकांच्या जाळ्यातही हवा तो पत्ता सुमारे २४ पायऱ्यांच्या आत सापडतो.

कायदेशीर सेवांनीही हे तंत्र वापरले. स्पॉटिफायच्या २०१० मधल्या मोजणीत ऐकल्या गेलेल्या संगीताचा अवघा ८.८ टक्के भाग सर्व्हरवरून आला होता. ३५.८ टक्के भाग इतर श्रोत्यांच्या संगणकांवरून आणि ५५.४ टक्के ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या साठ्यातून. २०१४ मध्ये कंपनीने ही पद्धत सोडली. तोवर तिचे स्वतःचे सर्व्हर पुरेसे झाले होते.

म्हणजे सर्व्हर हरला असे नाही. बँकेची नोंद, रेल्वेचे आरक्षण, क्षणाक्षणाला बदलणारी माहिती यांना एकच अधिकृत जागा लागते. शिवाय बिटटोरंटमध्ये आपला आयपी पत्ता समूहातल्या सर्वांना दिसतो. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे मागणी आटली की पुरवठाही आटतो. १०,००० जणांची फाइल तासाभरात मिळते, पण जिचा एखादा तुकडा कोणाकडेच उरला नाही, ती पूर्ण कधीच मिळत नाही.

चोरीच्या चित्रपटांमुळे बदनाम झालेले हे तंत्र सार्वजनिक ठेव्यासाठी मात्र फार मोलाचे आहे. डेबियन आणि उबुंटू या खुल्या संगणक प्रणाली आपल्या प्रती टोरंटनेही देतात. इंटरनेट आर्काइव्हने २०१२ मध्ये १० लाखांहून अधिक टोरंट खुले केले. त्या संग्रहात आज जुनी मराठी पुस्तकेही आहेत. असे काही उतरवून घेतलेत, तर डाउनलोड पूर्ण होताच टोरंट बंद करू नका. जेवढे घेतले, निदान तेवढे पुढे जाईपर्यंत ते चालू ठेवा.